आमदाराची कारकीर्द कुठे आणि कशी तपासावी: सरकारी आणि बिगरसरकारी संकेतस्थळांची पारख

माहिती देणारी कुठलीही सेवा पारखायची असेल, तर ज्याचं उत्तर आधीच पक्कं ठाऊक आहे असा प्रश्न तिला विचारून बघावा. आमदारांच्या बाबतीत महाराष्ट्रात असा प्रश्न तयार आहे: सांगोल्याचे गणपतराव देशमुख विधानसभेवर किती वेळा निवडून गेले? उत्तर आहे ११. मतदारसंघ तोच, पक्ष तोच, शेतकरी कामगार पक्ष. पहिली निवडणूक १९६२ची, शेवटचा विजय २०१४चा. मध्ये १९७२ आणि १९९५ असे दोन पराभव, दोनदा मंत्रिपद, २०१९ला स्वतःहून माघार आणि ३० जुलै २०२१ला निधन. इतकी लांब आणि इतकी सरळ कारकीर्द दुसरी सापडणं कठीण, म्हणून या लेखात तीच कसोटी म्हणून वापरली आहे.

सुरुवात निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांपासून करावी. प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीचा एक अहवाल, मोफत पीडीएफ, १९५१पासूनचे उपलब्ध. प्रत्येक मतदारसंघाचे एकूण मतदार, झालेलं मतदान, वैध मतं, उमेदवार, पक्ष, मतं आणि टक्केवारी त्यात मिळते. आकडे अधिकृत, मांडणी स्वच्छ. या सेवेला आम्ही सगळ्यांत वरचे गुण देतो. पण १९६२पासूनचे अहवाल एकेक करून उघडले आणि सांगोल्यापुढचं विजयी नाव मोजत गेलं, तर गणपतरावांचे विजय भरतात १०.

अकरावा विजय १९७४च्या पोटनिवडणुकीतला आहे. १९७२ला सांगोल्यातून काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे निवडून आले होते, नंतर ती जागा रिकामी झाली आणि १९७४ला गणपतराव परत आले. सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणूक येत नाही, तिची यादी वेगळी असते. हे ज्याला माहीत नाही तो ‘१९७२ ते १९७८ सभागृहाबाहेर’ असं लिहून मोकळा होतो, आणि मग तेच वाक्य पुढे दहा ठिकाणी फिरतं. म्हणून नियम असा ठेवावा: आमदार दोन निवडणुकांच्या मध्ये पडलेला किंवा गायब दिसला, की आधी त्या मतदारसंघाची पोटनिवडणूक झाली होती का ते बघायचं, मगच निष्कर्ष काढायचा.

मतदारसंघाचा क्रमांक हा दुसरा सापळा. सांगोल्याचा आजचा क्रमांक २५३ आहे, तो २००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतरचा, म्हणजे २००९च्या निवडणुकीपासून लागू. त्याआधीच्या अहवालांत २५३ शोधलं तर भलतंच गाव निघेल. कारण जागाच बदलत गेल्या: १९६२ला विधानसभेच्या २६४, १९६७ आणि १९७२ला २७०, १९७८पासून २८८. तेव्हा शोध नेहमी नावाने घ्यावा, क्रमांकाने कधीच नाही. आणि नाव एकच राहिलं तरी हद्द तीच राहिली असं समजू नये. २००४ आणि २००९ची मतं शेजारी ठेवून ‘मताधिक्य घटलं’ म्हणणारी विश्लेषणं बहुतेक वेळा दोन वेगळ्या मतदारसंघांची तुलना करत असतात.

१९६०च्या आधीचा आमदार असेल तर ‘महाराष्ट्र’ या नावाखाली काहीच मिळणार नाही, १९५७चा अहवाल मुंबई राज्याचा आहे. गोव्याचंही तसंच. गोव्याचे माजी मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे १९७२ला मगोपकडून (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाकडून) निवडून आले ते ‘गोवा, दमण आणि दीव’ या केंद्रशासित प्रदेशाच्या विधानसभेत, जिच्या तेव्हा ३० जागा होत्या. ४० जागांची गोवा राज्याची विधानसभा १९८७च्या राज्यदर्जानंतरची. पक्षांची संक्षिप्त रूपंही जपून वाचावी लागतात. १९७८ला महाराष्ट्रात काँग्रेस आणि काँग्रेस (आय) एकमेकांविरुद्ध लढत होत्या, त्यामुळे त्या वर्षी नुसतं ‘काँग्रेसचा उमेदवार’ म्हणून चालत नाही, कंसातलं अक्षर बघावंच लागतं.

चुरशीच्या निवडणुकीसाठी अहवालाच्या पुढे जाऊन फॉर्म २० काढावा. त्यात मतदान केंद्रनिहाय प्रत्येक उमेदवाराची मतं असतात आणि अलीकडच्या निवडणुकांचे फॉर्म राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. २०१९ला सांगोल्यात शहाजीबापू पाटील फक्त ७६८ मतांनी जिंकले. अशा निकालात कोणत्या गावाने काय केलं हे फॉर्म २० शिवाय सांगताच येत नाही. अडचण एवढीच की बरेचसे फॉर्म कागद स्कॅन करून चढवलेले असतात. रकाने सरकलेले, आकडे पुसट. बेरीज करताना पानाच्या तळाशी दिलेली एकूण संख्या जुळते का ते प्रत्येक पानावर तपासावं. आणि टपाली मतं शेवटी वेगळ्या ओळीत असतात, ती राहून जातात.

आता संपत्ती आणि गुन्हे. इथे साधन म्हणजे उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, नमुना २६. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३च्या निकालांमुळे ते सक्तीचं झालं. त्यामुळे गणपतरावांच्या पहिल्या चार दशकांबद्दल हे साधन गप्प आहे. ही सेवेची चूक नाही, तेव्हा कागदच नव्हता.

आयोगाच्या प्रतिज्ञापत्र पोर्टलवर निवडणुकीचा प्रकार, राज्य आणि मतदारसंघ निवडला की उमेदवारांच्या पट्ट्या दिसतात. सार्वत्रिक आणि पोटनिवडणूक इथेही वेगवेगळी निवडावी लागते. एकच माणूस तीनचार वेळा दिसला तर गोंधळू नये, एका मतदारसंघात एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात आणि प्रत्येकाची वेगळी नोंद पडते. स्थिती ‘स्वीकृत’ असलेल्या अर्जाचं प्रतिज्ञापत्र उतरवून घ्यावं. आधीच्या अर्जात काही रकाना सुटला म्हणून नंतरच्या अर्जासोबत दुरुस्त प्रतिज्ञापत्र दिलेलं असतं, तेव्हा सगळ्या प्रती उतरवून तारखेनुसार लावणं उत्तम. फाइलचं नाव अर्थहीन असतं, उतरवल्याबरोबर मतदारसंघ, वर्ष आणि उमेदवार असं नाव द्या, नाहीतर विसाव्या फाइलनंतर काहीही हाती लागत नाही.

दस्तऐवज म्हणून नमुना २६ फार चांगला आहे, आणि तो वाचायला कोणी शिकवत नाही ही खंत आहे. चौथ्या मुद्द्यात पॅन आणि मागच्या पाच आर्थिक वर्षांत विवरणपत्रात दाखवलेलं उत्पन्न, उमेदवाराचं, जोडीदाराचं, हिंदू अविभक्त कुटुंबाचं आणि अवलंबितांचं. पाच वर्षांची ही अट २०१९पासूनची, त्याआधीच्या प्रतिज्ञापत्रांत शेवटच्या एकाच वर्षाचं उत्पन्न मिळेल. पाचव्यात प्रलंबित गुन्हे: एफआयआर क्रमांक, पोलीस ठाणे, न्यायालय, कलमं, आरोप निश्चित झाले की नाही आणि कधी. सहाव्यात शिक्षा. सातव्याच्या ‘अ’ भागात जंगम आणि ‘ब’ भागात स्थावर मालमत्ता, आठव्यात देणी, नवव्यात व्यवसाय आणि उत्पन्नाचे स्रोत, सरकारशी असलेली कंत्राटं, दहाव्यात शिक्षण. संपूर्ण नमुन्याच्या शेवटी येणारा भाग ‘ब’ म्हणजे नुसता गोषवारा. घाईत असलेले लोक तोच वाचतात, आणि तिथेच फसतात. बेरजेच्या चुका गोषवाऱ्यातच होतात आणि स्थावराची खरेदी किंमत कोणती, आजची अंदाजे किंमत कोणती हा फरक तिथे पुरेसा कळत नाही.

पाच वर्षांत संपत्ती तिप्पट झाली अशी बातमी वाचली की सातवा ‘ब’ उघडावा. प्रत्येक जमिनीपुढे ती वारसाहक्काने आली की विकत घेतली, कधी घेतली, केवढ्याला घेतली, त्यावर पुढे किती खर्च केला आणि आजची किंमत काय, असे रकाने आहेत. एक गुंठाही नवा न घेता संपत्ती तिप्पट होऊ शकते, फक्त आजच्या किमतीचा अंदाज वर सरकला पाहिजे. उलट, एकूण आकडा जवळपास तेवढाच दिसतो, पण मधल्या काळात दोन भूखंड विकून तीन घेतलेले असतात. खरेदीची तारीख हा या सगळ्या कागदातला सर्वांत बोलका रकाना आहे.

हे पडताळताही येतं. प्रतिज्ञापत्रात गाव आणि गट क्रमांक असतो. महाभूलेख या राज्याच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडून तो गट क्रमांक टाकला की विनास्वाक्षरीत सातबारा मोफत दिसतो. डिजिटल स्वाक्षरी असलेला हवा असेल तर १५ रुपये. प्रतिज्ञापत्रात क्षेत्र एकर-गुंठ्यांत आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये असतं. ४० गुंठे म्हणजे १ एकर म्हणजे साधारण ०.४० हेक्टर, एवढं लक्षात ठेवलं तर पुरतं. सातबाऱ्यावर अनेक खातेदार असतील तर पूर्ण गटाचं क्षेत्र उमेदवाराच्या नावावर मांडू नये, त्याच्या नावापुढचंच क्षेत्र धरावं. उत्साही कार्यकर्त्यांकडून होणारी ही सगळ्यांत नेहमीची चूक आहे आणि तिच्यामुळे बाकीची बरोबर माहितीही संशयात येते. गुन्ह्यांसाठी ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर न्यायालय आणि खटला क्रमांक टाकून सद्यस्थिती बघावी. निवडणुकीच्या वेळी प्रलंबित असलेला खटला नंतर निकाली निघालेला असू शकतो आणि तसं असेल तर ते लिहिणं आपलं कर्तव्य आहे.

पोर्टलचा खरा तोटा स्कॅनचा आहे. हाताने लिहिलेलं मराठी, वर नोटरीचा शिक्का, त्यावर सही, आणि पान तिरकं. आकडा पुसट असेल तर अक्षरी लिहिलेली रक्कम बघावी. शोधता येईल अशा स्वरूपात ही माहिती आयोगाने स्वतः द्यायला हवी होती, दोन दशकांनंतरही ती चित्ररूपातच आहे. आणखी एक समज काढून टाकला पाहिजे: निवडणूक निर्णय अधिकारी प्रतिज्ञापत्रातला मजकूर खरा की खोटा हे तपासत नाही. रकाने कोरे असतील तर तो भरायला सांगतो, तरीही कोरे राहिले तर अर्ज फेटाळता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालाने स्पष्ट झालं. माहिती दडवल्याचा प्रश्न निवडणूक याचिकेतून न्यायालयात जातो. अंबरनाथच्या २००४च्या निवडणुकीवरचा किसन कथोरे विरुद्ध अरुण सावंत हा खटला याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण. वीज देयकाची थकबाकी आणि पत्नीच्या नावचा बंगला न दाखवणं अशा कारणांवरून उच्च न्यायालयाने निवड रद्द केली आणि २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. तोवर विधानसभेची ती मुदत संपून जवळपास पाच वर्षं झाली होती.

विधान परिषदेच्या सदस्यांबद्दल शोधत असाल तर एक गोष्ट ध्यानात असू द्या: ७८ पैकी १२ सदस्य राज्यपालनियुक्त असतात. ते निवडणूक लढवत नाहीत, त्यामुळे त्यांचं नमुना २६ निघतच नाही. पोर्टल बिघडलंय असं वाटून तासभर घालवू नये.

स्कॅन वाचण्याचे हे कष्ट वाचवते ती मायनेता ही सेवा. ती चालवणारी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था १९९९पासून काम करते, २००२चा तो निकालही तिच्याच याचिकेवरचा. तिचे लोक प्रतिज्ञापत्रं वाचून आकडे टंकलिखित करतात, त्यामुळे मतदारसंघातले सगळे उमेदवार शेजारी ठेवता येतात, संपत्ती, देणी, शिक्षण, गुन्हे यांनुसार क्रम लावता येतो, आणि पुन्हा उभ्या राहिलेल्या आमदाराची दोन निवडणुकांमधली तुलना तयार मिळते. फुकट, वेगवान आणि प्रामाणिकपणे चालवलेली ही सेवा नसती तर निवडणुकीच्या आठवड्यात मराठी वर्तमानपत्रांना उमेदवारांबद्दल फारसं काही लिहिताच आलं नसतं.

तरी ती वापरताना तीन जागी थांबावं. एकूण संपत्ती म्हणून दिसणारा आकडा एकट्या उमेदवाराचा नसतो, त्यात जोडीदार, अवलंबित आणि अविभक्त कुटुंब धरलेलं असतं. मुलगा आधीच्या निवडणुकीत अवलंबित होता आणि आता कमावता झाला, तर त्याची मालमत्ता बेरजेतून निघून जाते आणि आमदार गरीब झाल्यासारखा दिसतो. दुसरं, ‘गंभीर गुन्हा’ ही संस्थेची स्वतःची वर्गवारी आहे, पाच वर्षं किंवा जास्त शिक्षा, अजामीनपात्र असे तिचे निकष जाहीर आहेत, ते वाचूनच तो शब्द वापरावा. आंदोलनात जमावबंदी मोडल्याचे दहा गुन्हे आणि फसवणुकीचा एक गुन्हा यांत संख्या काहीच सांगत नाही, कलमं वाचावी लागतात. तिसरं, नावं रोमन लिपीत असल्याने एकाच आडनावाची दोनतीन रूपं सापडतात. नाव टाकून शोधण्यापेक्षा वर्ष, जिल्हा, मतदारसंघ या वाटेने गेलेलं बरं. आणि काहीही छापण्याआधी मूळ प्रतिज्ञापत्राशी ताडून पाहावं. मायनेताच्या पानावर त्याचा दुवा असतो.

इथवर सगळं ठीक. पण आमदार म्हणून त्या माणसाने काय केलं? या प्रश्नाला वरच्या सेवांकडे उत्तर नाही. त्यासाठी विधानमंडळ सचिवालयाचं संकेतस्थळ आहे, आणि माहितीची श्रीमंती बघितली तर ते या सगळ्यांत मोठं आहे. सदस्यांच्या याद्या, दिवसाच्या कामकाजाचा क्रम, तारांकित (म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या) प्रश्नोत्तरांच्या याद्या, विधेयकं, सभागृहाची कार्यवाही. वापरायला मात्र सर्वांत अवघड. सगळं अधिवेशन आणि तारखेनुसार लावलेलं, सदस्यानुसार नाही. एका आमदाराचं एका वर्षातलं काम बघायचं तर अर्थसंकल्पी, पावसाळी आणि नागपूरचं हिवाळी अशा तिन्ही अधिवेशनांचे सगळे दिवस एकेक उघडावे लागतात. कित्येक पीडीएफमध्ये शब्द शोधताच येत नाही, कारण त्या युनिकोडमध्ये नाहीत किंवा नुसती छायाचित्रं आहेत.

एवढं करून प्रश्न मोजले तरी मोजणीत खोट राहते. तारांकित प्रश्नाच्या वर ‘सर्वश्री’ म्हणून एका ओळीत अनेक सदस्यांची नावं असतात. सारख्या विषयावरच्या सूचना एकत्र केल्याने पंधरावीस नावं एका प्रश्नावर येतात. ज्याने अभ्यास करून प्रश्न दिला तोही एक आणि ज्याच्या कार्यालयाने तयार मसुद्यावर सही केली तोही एक. त्यामुळे संख्या बाजूला ठेवून मजकूर वाचावा. ‘हे खरे आहे काय?’ पाशी थांबणारा प्रश्न आणि ‘असल्यास, चौकशीत काय आढळून आले, तदनुसार कोणती कारवाई केली, नसल्यास विलंबाची कारणे काय’ असा मंत्र्याला कोपऱ्यात गाठणारा प्रश्न, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तारांकित प्रश्न सभागृहात पुकारला गेला का आणि त्यावर उपप्रश्न कोणी विचारले हे कार्यवाहीतच कळतं. लक्षवेधी सूचना नियम १०५खाली येतात, अर्धा तास चर्चा नियम ९४खाली, आणि मोठ्या विषयांवरच्या चर्चा नियम २९३खाली. एखाद्या आमदाराचा वकूब बघायचा तर आम्ही थेट २९३वरची भाषणं उघडायला सांगू. तिथे पाच मिनिटांत कळतं की माणूस कागद वाचून आलाय की नुसता आवाज चढवतोय.

संख्येवर विसंबू नये याचं आणखी एक कारण: मंत्री प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तरं देतात. गणपतराव १९७८च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि पुन्हा १९९९च्या आघाडी सरकारात मंत्री होते. त्या काळात त्यांच्या नावावर प्रश्न मिळणार नाहीत. नुसत्या प्रश्नसंख्येवर गुणपत्रिका काढली तर ती वर्षं आळसाची ठरतील. कार्यवाहीच्या ताज्या प्रती ‘असुधारित’ असतात, त्यातलं वाक्य उद्धृत करताना तसं नमूद करावं. सदस्यानुसार शोध देणारी एक साधी चौकट जरी सचिवालयाने दिली तरी या संकेतस्थळाचा उपयोग अनेक पटींनी वाढेल, आणि ती न देण्याचं कोणतंही तांत्रिक कारण उरलेलं नाही.

मुंबईकरांची सोय थोडी बरी आहे. प्रजा फाउंडेशन शहरातल्या ३६ मतदारसंघांच्या आमदारांची उपस्थिती, प्रश्नांची संख्या आणि दर्जा यांवर प्रगतिपुस्तक काढतं, आणि प्रश्न मतदारसंघाच्या अडचणींशी जुळतात का हेही तपासतं. क्रमवारीवर वाद होतात, पण पद्धत उघडपणे मांडलेली असते हे त्याचं बळ. सांगोला, मेळघाट किंवा देवगडच्या मतदाराला एवढ्या बारकाईचं तयार काही मिळत नाही.

राहिला आमदार निधी. स्थानिक विकास कार्यक्रमाखाली २०२२पासून प्रत्येक आमदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामं सुचवता येतात. सुचवतो आमदार, मंजुरी देतात जिल्हाधिकारी, आणि कागद असतात जिल्हा नियोजन कार्यालयात. तेव्हा माहिती अधिकाराचा अर्ज आमदाराच्या कार्यालयात न देता जिल्हा नियोजन कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यावा, राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही तो जातो. शुल्क १० रुपये, प्रती २ रुपये पान. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा, म्हणून ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नये. एक आर्थिक वर्ष धरावं आणि नेमके रकाने मागावेत: कामाचं नाव, गाव, शिफारशीची तारीख, प्रशासकीय मान्यतेचा दिनांक आणि रक्कम, कार्यान्वयन यंत्रणा, आजवरचा खर्च, पूर्णत्वाचा दाखला दिला आहे काय. शेवटचा रकाना मागितला नाही तर मंजूर कामांची लांबलचक यादी येते आणि त्यातली किती उभी राहिली ते कळत नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील, शुल्क २० रुपये, मुदत पुढचे ३० दिवस. यादी आली की गावाप्रमाणे लावा आणि ती फॉर्म २०च्या शेजारी ठेवा. कोणत्या गावाला काम मिळालं आणि त्या गावाने मत कोणाला दिलं होतं, हे दोन्ही एकाच पानावर वाचता येतं.